गच्चीवर आखलेली गाडी

"माई, तिला सांग, ती संडासात उभी आहे."

मी खाली बघितलं. पायाखाली आमच्या गच्चीची लाल फरशी होती आणि फरशीवर पांढऱ्या खडूनं ओढलेला एक चौकोन. माझ्या हातात सांडग्यांचं ताट होतं आणि डोक्यावर सांगलीचं एप्रिलमधलं ऊन.

"हेमलता, तू संडासात उभी आहेस म्हणे," माई म्हणाल्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. पाण्याच्या टाकीच्या सावलीला खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"त्यांना म्हणावं, मग दार कुठाय? पडते बाहेर."

"मुकुंदा, ती दार विचारतेय."

"दिसत नाही का तिला? दोन रेघांच्या मधे मोकळं सोडलंय ते दार. आत आली तशी बाहेर जा म्हणावं. भिंतीतून जाऊ नको म्हणावं."

मी भिंतीतून गेले. सांडगे वाळायला घालायचे होते, आणि नसलेल्या भिंतीला वळसा घालायची मला हौस नव्हती. मागून ह्यांनी "च्" केलं. तेवढं मात्र माईंमार्फत आलं नाही, थेट आलं.

ह्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. हे तेव्हा नुकतेच महापालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते. गावात कुणी घर बांधायला काढलं की त्याचा नकाशा एकदा तरी ह्यांच्या टेबलावरून जायचा. जिना अरुंद आहे म्हणून, मोरीला उजेड नाही म्हणून ह्यांनी किती लोकांना परत पाठवलं असेल, देव जाणे. स्वतःचं घर मात्र आयतं, सासऱ्यांनी बांधलेलं. त्यात एक खिळा ठोकायचा तरी पूर्वी सासऱ्यांना विचारावं लागायचं. त्यामुळं निवृत्त झाल्या झाल्या ह्यांच्या डोक्यात किडा शिरला, की आपण आखलेलं असं एक घर आपलं असावं. बंगला बांधायचं काही वय राहिलं नव्हतं. म्हणून मग चाकांवरचं घर. आमच्या जुन्या जीपच्या मागं जोडायचं, वाटेल तिथं न्यायचं, आत झोपायचं, आत चहा करायचा. कुठल्याशा मासिकात फोटो बघितला होता.

करणार कोण, तर कुपवाडचा बसगोंडा. बसगोंडा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायचा, उसाच्या. "साहेब, ऊस भरला काय अन् माणसं भरली काय, सांगाडा त्योच," असं म्हणून त्यानं काम घेतलं. एकच अट घातली. आतली मांडणी आधी नक्की करून द्या. एकदा लोखंड जोडलं की इकडची खिडकी तिकडं होणार नाही.

तर मांडणी. ह्यांनी दोन नकाशे काढले. पहिल्यात सहा जणांची झोपायची सोय होती: दोन्ही अंगांना एकावर एक फळ्या, मधून बोळ, टोकाला ओटा आणि तो संडास. दुसऱ्यात दोघांचीच. मागच्या टोकाला आडवा पलंग, पलंगाला लागून एक मोठी खिडकी, पुढं ओटा, आणि एका छोट्या टेबलाला समोरासमोर दोन बाकं. हा दुसरा ह्यांनी काढला खरा, पण ऑफिसात दोन पर्याय मांडावे लागतात, त्या सवयीनं. मनात पहिलाच होता. गच्चीवर खऱ्या मापात आखून बघायला घेतला तोही पहिलाच.

मला दुसरा हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंच असे कुठंही गेलो नव्हतो. कुठंही म्हणजे कुठंही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तर बरोबर ह्यांची आत्या आणि तिची दोन पोरं. का, तर गाडीत जागा होती. पुढं जागा नसली तरी माणसं असायची. घरात सासूसासरे, धाकटे दीर नाना, त्यांची बायको, मग आमची मृदुला. हळूहळू नाना इचलकरंजीला गेले, सासरे वारले, मृदुला लग्न होऊन पुण्याला गेली. घर रिकामं व्हायला लागलं तसं मला वाटायला लागलं, आता तरी. आणि आता चाकांवर घर येणार, तर त्यातही सहा फळ्या?

हे ह्यांना सांगायला हवं होतं. आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

आमच्या घरात नवराबायकोनं एकमेकांशी थेट बोलायची पद्धत नव्हती. सासऱ्यांसमोर तर नाहीच नाही. ह्यांना भात हवा असला की हे माईंना सांगायचे आणि माई मला. मृदुला झाल्यावर ते काम तिच्याकडं आलं. "बाबांना विचार, भाजी कुठली आणायची." बाबा हातभर अंतरावर. पोरगी धड चालायला लागली नव्हती, तेव्हापासून टपाल वाहत होती. पुढं सासरे गेले तरी पद्धत राहिली. आमचं काही वाकडं नव्हतं, बरं का. भांडण नाही की अबोला नाही. मधे कुणी असल्याशिवाय शब्दच फुटायचा नाही. रात्री खोलीत आलो की हे दिवा मालवायचे आणि मी डोळे मिटायची. मृदुला मग झाली कशी, असं विचारू नका. त्याला काही बोलावं लागत नाही.

आणि गंमत बघा, मी नोकरी केली कुठं, तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ऑपरेटर. अख्ख्या जिल्ह्याला एकमेकांशी जोडून द्यायचं काम माझ्याकडं.

तर मी माईंना गाठलं.

"माई, त्यांना सांगा ना, दुसरा नकाशा बरा आहे."

"का बरा आहे?"

आता सासूला काय सांगणार, की मला तुमच्या मुलाबरोबर एकटीनं जायचंय? छप्पन्न वर्षांची बाई मी. "हवा खेळती राहते," मी म्हणाले.

"मुकुंदा, ती म्हणते दुसऱ्यात हवा खेळती राहते."

हे गुडघ्यावर बसून टेप धरत होते. मान वर न करता म्हणाले, "पहिल्यात सहा झरोके दिलेत म्हणावं. माणशी एक."

"पण सहा माणसं आणायची कुठून, विचारा."

"नाना आणि त्याची बायको. मृदुलाला सुट्टी मिळाली तर ती. आणि मग असंच कोणीतरी."

"असंच कोणीतरी म्हणजे कोण, विचारा."

"येतं की कोणी ना कोणी," हे म्हणाले आणि टेप घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं मापायला काहीही नव्हतं.

मी म्हटलं, ह्यांना कानानं कळत नाही, तर डोळ्यांनी दाखवू. चैत्रातलं हळदीकुंकू व्हायचंच होतं. मी ते गच्चीवर ठेवलं, आणि बायकांना बसवलं ते नेमकं त्या खडूच्या रेघांच्या आत. चार बायका बसल्या की गुडघ्याला गुडघा लागेल, पन्ह्याचे पेले ठेवायला जागा उरणार नाही, मग कळेल सहा माणसं म्हणजे काय असतं. माझा डाव चांगला होता. अजूनही मी म्हणेन की चांगला होता.

एरवी हळदीकुंकवाच्या बायका यायला लागल्या की घरातले पुरुष मागच्या दारानं पसार होतात. हे झाले नाहीत. टेप गळ्यात अडकवून टाकीपाशी उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक बाईला दारानंच आत यायला लावलं. दार म्हणजे तेच, दोन रेघांच्या मधलं. जरीची पातळं नेसलेल्या बायका नसलेल्या चौकटीखालून मान वाकवून आत येत होत्या. शेजारच्या निंबाळकर वहिनींनी तर चपलाही दाराबाहेर काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून टुणटुण उड्या मारत आत आल्या.

निंबाळकर वहिनी देहानं भरभक्कम. आमच्या गच्चीला लागून त्यांची गच्ची, त्यामुळं आमच्याकडं काय चाललंय हे आमच्या आधी त्यांना कळायचं. त्या खालच्या फळीवर, म्हणजे फळीच्या रेघांमध्ये बसल्या.

"माई," हे म्हणाले, "निंबाळकर वहिनींना सांग, त्या भिंतीत बसल्यात."

वहिनींनी मागं वळून बघितलं. अर्ध्या त्या गाडीत होत्या आणि अर्ध्या रस्त्यावर. मला आतून उकळ्या फुटायला लागल्या. म्हटलं, झालं काम.

"मग भिंत जरा मागं घ्या की भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

आणि ह्यांनी घेतली. खरंच घेतली. खाली बसून ओल्या फडक्यानं रेघ पुसली आणि वहिनींच्या मागून नवीन ओढली. वहिनी ऐसपैस झाल्या. मग समोरच्या रांगेतली एकजण म्हणाली, आमच्याही बाजूला जरा. तिकडचीही भिंत सरकली. सात बायकांना बोलावलं होतं, अकरा आल्या, आणि अकराच्या अकरा मावल्या. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, ओट्या भरून झाल्या, कुणाचं कुणाला कोपर लागलं नाही. "केवढी प्रशस्त हो गाडी तुमची," सगळ्या म्हणत होत्या. दोघींनी तर तिथल्या तिथं आमच्याबरोबर गोकर्णला यायचं ठरवूनही टाकलं.

ह्यांचा चेहरा इतका खुलला होता, की विचारू नका. बायका गेल्यावर नकाशा काढून बसले, आणि सहा फळ्यांच्या आठ झाल्या. मी कपाळाला हात लावला.

माई सगळं बघत होत्या. संध्याकाळी मी पेले धूत होते, तर मोरीच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"तुला नक्की काय हवंय गं?"

"म्हटलं ना, हवा खेळती..."

"हवेचं मला सांगू नकोस."

मी पेला विसळत राहिले. तो केव्हाच विसळून झाला होता. शेवटी पेल्याकडं बघतच म्हणाले, "एकदा तरी दोघंच जावं, असं वाटतं."

माझे कान तापले होते. वाटलं, आता ह्या हसणार, नाहीतर रागावणार. माईंनी माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाल्या, "मग हे मी कसं सांगू त्याला? असला निरोप असतो होय आईच्या तोंडून धाडायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नानांना फोन लावला, की मला आठ दिवस येऊन राहायचंय, ने मला. दुपारपर्यंत नाना आले, माईंची पिशवी उचलली, त्या गाडीत बसल्या. काच खाली करून एवढंच म्हणाल्या, "मुकुंदा, आता तुझं तूच बघ." मग माझ्याकडं बघून, "तूसुद्धा."

गाडी वळली आणि आम्ही दोघं फाटकात उभे राहिलो. हे फाटकाची कडी लावायला गेले, मीही तीच लावायला गेले, मग दोघांनी हात मागं घेतला. कडी तशीच राहिली.

घरात आलो आणि जे काही सुरू झालं ते विचारू नका. हे पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. चहाची वेळ झाली. एरवी हे म्हणायचे, "माई, चहाचं काय?" आता काय म्हणणार? मी आधण ठेवून वाट बघत होते, की विचारतायत का बघू. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून मृदुला.

"आई, बाबा विचारतायत चहा होतोय का."

"कुठून विचारतायत?"

"आपल्या पुढच्या खोलीतून. आई, मी ऑफिसात आहे. तुम्ही बरे आहात ना दोघं?"

"बरे आहोत. त्यांना सांग, होतोय. आणि बिस्किटं हवीत का विचार."

मग ती म्हणाली, "आई, मी मीटिंगमधून बाहेर आलेय ह्यासाठी." आणि ठेवला फोन. बिस्किटांचं राहूनच गेलं. मी चहाबरोबर चार नेऊन ठेवली. हे म्हणाले "हं." मी म्हणाले "हं." एवढं आमचं संभाषण.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दूधवाल्याला फाटकात थांबवून घेतलं आणि त्याला मोठ्यानं सांगितलं, की आज दुपारी जेवायला आमटी पातळ असावी. दूधवाला बिचारा बरं म्हणाला आणि निघून गेला. मी आतून ऐकलं. आमटी पातळ केली. पण मनातून खट्टू झाले. घरात दुसरं माणूस नाही तरी ह्यांना माझ्याशी बोलता येत नाही, तर गाडीत काय बोलणार आहेत? कधी वाटायचं, बरोबर आहे ह्यांचं, घ्या आठ माणसं. दहा घ्या. मला घरी ठेवा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बसगोंडा आला.

"साहेब, आज मांडणी सांगा," तो गच्चीवर येत म्हणाला. "उद्याला वेल्डर येतोय. हुकला तर मग दोन महिने ट्रॉल्यांच्या दुरुस्त्या. मला मग सवड न्हाई."

ह्यांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार. मधे माणूस आलं होतं.

"बसगोंडा," मी म्हणाले, "साहेबांना विचारा, रोज उठून आठ माणसं कुठून गोळा करणार आहेत?"

बसगोंडानं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. हे माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. "साहेब, वहिनी इचारत्यात..."

"तिला सांग, जागा असली की माणसं येतात."

"वहिनी, साहेब म्हणत्यात..."

"त्यांना सांगा, ओटा केवढासा. आठ माणसांचं रांधायचं कुणी?"

"तिला सांग, ओटा वाढवता येईल. पलंग नाहीच, त्याची जागा उरतेय."

"वहिनी..."

"त्यांना सांगा, मला ओटा नकोय वाढवून. त्यांना सांगा, जागा असली की माणसं येतात ना, मग जागाच ठेवू नका. मला कोणी यायला नकोय."

तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. बसगोंडाची मान एवढा वेळ इकडून तिकडं फिरत होती, ती मधेच थांबली. त्यानं कान खाजवला.

"हे तुमचं तुम्हीच सांगा वहिनी," तो म्हणाला. "मी ट्रॉलीवाला हाय. कोपऱ्यावर जाऊन च्या पिऊन येतो. तवर ठरवा."

आणि गेला. जिना उतरल्याचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली. गच्चीवर आम्ही दोघं राहिलो आणि आमच्या मधे खडूची ती आठ फळ्यांची गाडी.

चांगलं ऐकू गेलं होतं ह्यांना. ते दाराजवळच्या रेघेपाशी उकिडवे बसले. खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. मग पाण्याच्या टाकीकडं तोंड करून म्हणाले, "आता हिला कसं सांगायचं?"

टाकी काही बोलली नाही. मी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीकडं वळले आणि चादरीला म्हणाले, "काय ते एकदा कळू दे तरी. एवढी माणसं लागतात कशाला?"

"कशाला म्हणजे," हे टाकीला म्हणाले. "समज, दोघंच गेलो. पहिला दिवस रस्त्यात जाईल. गाडी कशी ओढतेय, टायर कसे आहेत, जेवायला कुठं थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणता येईल. पण संध्याकाळी काय करायचं? बोलायचं काय? इथं एक बरं असतं. माई असते, गल्ली असते, मला चक्कर मारून येता येतं. गाडी पंधरा फुटांची. समोर बसल्यावर बोलायला काही नाही निघालं, तर उठून जायचं कुठं? आणि तुला कंटाळा आला तर?"

शेवटचं वाक्य टाकीला नव्हतं. ते वळले होते. त्यांनाही ते उशिरा कळलं असावं, कारण लगेच परत टाकीकडं बघायला लागले. पण आता सुरुवात झाली होती.

"तू एक्स्चेंजमधून यायचीस," ते म्हणाले. "दिवसभर लोकांशी बोलून. घसा बसलेला असायचा तुझा. मला वाटायचं, आता हिला आणखी कशाला बोलायला लावायचं? दिवा मालवला की बरं, झोपेल तरी. मग ते तसंच होत गेलं."

मी चादर घट्ट धरून उभी होते. एकतीस वर्षं मी धरून चालले होते, की ह्यांना माझ्याशी बोलायचंच नसतं. दिवा मालवला जायचा त्याचा मला राग यायचा. डोळे मिटून मी वाट बघायची, आता बोलतील, आता बोलतील. आणि हा माणूस अंधारात गप्प पडून माझ्या घशाला विश्रांती देत होता. हसू का रडू कळेना.

ह्यांनी बादलीतलं फडकं घेतलं, पिळलं आणि एक फळी पुसली. मग दुसरी. एका बाजूच्या सगळ्या पुसून झाल्यावर थोडे थांबले, मग दुसऱ्या बाजूच्याही पुसल्या. निंबाळकर वहिनींसाठी सरकवलेली भिंत पुसून जुन्या जागी आणली. गुडघ्यांना हात लावत उठले, मागच्या टोकाला गेले आणि तिथं आडवा पलंग आखला. मग खडू हातात धरून उभे राहिले.

"खिडकी कुठल्या अंगाला हवी तुला?"

आता मला सांगा, एकतीस वर्षं ज्या थेट प्रश्नासाठी बाई ताटकळली, तिनं काय करावं? मी मागं वळले आणि म्हणाले, "त्यांना सांगा, डावीकडं..."

मागं कोणी नव्हतं. चादर होती. मी तशीच वळलेली उभी राहिले. म्हणजे मलाही येत नव्हतं की. मी आपलं सगळं ह्यांच्या माथी मारून मोकळी झाले होते.

हे वाट बघत होते. हसले नाहीत, तेवढं बरं झालं.

मी त्यांच्याकडं तोंड केलं. "डावीकडं," मी म्हणाले. आवाज भलताच मोठा निघाला.

"डावीकडं नाही जमत."

"का नाही जमत?"

"डावीकडं ओटा आहे. गॅसवर वारं येईल."

"मग ओटा आणखी पुढं घ्या."

"आणखी पुढं घेतला तर सगळं वजन जीपवर जाईल. तुला कळत नाही त्यातलं."

"मला कळत नाही? मग विचारलंत कशाला?"

"मला वाटलं उजवीकडं म्हणशील. तू उजवीकडं झोपतेस."

"मी उजवीकडं झोपते, कारण डावीकडं तुम्ही झोपता," मी म्हणाले. आता माझी गाडी उताराला लागली होती. "डावीकडं खिडकी आहे. एकतीस वर्षं त्या खोलीत मी भिंतीकडं तोंड करून झोपतेय. मे महिन्यात सगळी हवा तुम्हाला आणि मला भिंत. एकदा तरी म्हणालात, की तू ये इकडं?"

हे बघतच राहिले. "मला वाटलं तुला तीच बाजू आवडते."

"कधी विचारलंत?"

"अगं, हे मी कुणाच्या मार्फत विचारणार होतो?" हेही आता आवाज चढवून बोलायला लागले. "माईला सांगू? का मृदुलाला पाठवू, जा, आईला विचार म्हणून?"

"म्हणून मी भिंतीकडं तोंड करून म्हातारी व्हायचं?"

"तू तरी कधी म्हणालीस? तोंड नव्हतं तुला? सगळ्या जिल्ह्याशी बोलायचीस."

"तुम्ही दिवा मालवायचात."

"तुझ्यासाठी मालवायचो."

"मला नको होता मालवून."

खालून बसगोंडानं हाक मारली. थोड्या वेळानं परत मारली. आम्ही ओ दिली नाही. हे पलंगाच्या ह्या बाजूला, मी त्या बाजूला, हातवारे करून आमचं चाललं होतं. बाजूचं झालं, मग दिव्याचं, मग पंखा किती वर ठेवायचा त्याचं, मग परत खिडकीचं. इतकं मी ह्यांच्याशी सगळ्या संसारात मिळून बोलले नसेन. ह्यांचा चेहरा लाल झाला होता, माझा पदर सुटला होता, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर निंबाळकर वहिनी आल्या. कठड्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि काळजीनं म्हणाल्या, "अहो, काय झालं हेमाताई? एवढं कधी ऐकलं नव्हतं तुमच्याकडं. मी सांगू का भाऊजींना काही?"

मी गप्प झाले. एवढ्या वर्षांची सवय. मधे माणूस आलं होतं, आता सगळं तिच्या हाती द्यायचं आणि आपण सुटायचं. मी तोंड उघडलंही होतं.

"नको वहिनी," हे म्हणाले. "आमचं दोघांचं चाललंय."

आणि त्या तिथं कठड्यावर तशाच टेकलेल्या असताना, माझ्याकडं वळून, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हं, बोल. तुला कुठल्या बाजूला झोपायचंय?"